आधी उष्णतेची वाट

चि. भाचीस,


तुझं पत्र आणि जीपचे फोटो मिळाले. चासिस उघडी करून, गंज काढून, रंग देऊन तू कामाचा पाया चांगला घातला आहेस. आता कापडी हूडऐवजी पत्र्याचं बंद छत येणार आणि नागपूरच्या मे महिन्यात आजीला घेऊन बाहेर पडता यावं म्हणून एसी बसणार. हा हेतू मला फार आवडला. ४५ अंशांच्या उन्हात गाडीतला गारवा ही चैन नाही. आपल्या देशात १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, तो याच समजुतीतून.

कूलिंग कॉईलचा डबा डॅशबोर्डखाली कुठे बसवू, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर देतोच, पण त्याआधीचा प्रश्न मोठा आहे. एसी थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. टाकतो कुठे? कंडेन्सरवर. आणि कंडेन्सर बसतो रेडिएटरच्या तोंडासमोर. केबिनमधून काढलेली चार-पाच किलोवॉट उष्णता, तिच्यात कॉम्प्रेसरची स्वतःची भर, असा तापलेला वारा मग रेडिएटरला मिळतो. म्हणून इंजिनाचं कूलिंग आणि केबिनचा एसी ही दोन कामं समजू नकोस. उष्णता बाहेर जायची वाट आधी ठरव, गारवा आत यायची जागा मग.

हा प्रश्न मोटारीच्या एसीइतकाच जुना आहे. १९३९ मध्ये अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने कारखान्यातच बसवलेला एसी गाडीत दिला, तेव्हा त्याची कॉईल मागच्या डिकीत होती आणि कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी नको असेल तर इंजिन थांबवून बेल्ट काढावा लागे. १९५४ मध्ये नॅशने हीटर आणि एसी यांची एकत्र, आटोपशीर यंत्रणा पुढच्या भागात बसवली. तत्त्व तेच होतं. सुधारली ती मांडणी, आणि तुझ्या हातातलं कामही मांडणीचंच आहे.

तर सुरुवात रेडिएटरपासून. तुझ्या जीपचं प्यूजो डिझेल साधारण ६२ अश्वशक्तीचं. त्यातली तीन ते पाच अश्वशक्ती कॉम्प्रेसरच घेईल, म्हणजे इंजिनावरचा भार वाढेल आणि त्याची उष्णताही. एसीला हात लावण्याआधी रेडिएटर आतून साफ करून घे, शक्य असेल तर जास्त जाड कोअरचा बनवून घे. प्रेशर कॅपकडे लक्ष दे. १५ पीएसआयच्या कॅपखाली साधं पाणीसुद्धा शंभरऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. पण जुन्या रेडिएटरचे जोड तेवढा दाब सोसतील का, हे रेडिएटरवाल्याकडून तपासल्याशिवाय मोठी कॅप लावू नकोस.

मग पंखा. पंख्याभोवती श्राउड, म्हणजे बंदिस्त आवरण, हवंच. ते नसेल तर पंखा रेडिएटरमधून वारा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच हवा घुसळत राहतो. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यात बोटभर अंतर ठेव आणि कडेच्या फटी फोमने बंद कर, म्हणजे वारा बगल देऊन निसटणार नाही. हवा जशी आत यायला हवी तशी बाहेरही पडायला हवी. जुन्या जीपचं बोनेट अरुंद, त्यात आता कॉम्प्रेसर आणि पाईप येणार. खालून आणि बाजूने हवेला मोकळी जागा राहते की नाही, ते पुठ्ठ्याचे साचे करून आधीच बघ.

कॉम्प्रेसरचं ब्रॅकेट जाड पोलादाचं, इंजिनालाच पक्कं आवळलेलं असू दे. पुल्या एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून तपास. रेषा चुकली की बेल्ट ओरडतो आणि लवकर तुटतो. इंजिन हलतं, चासिस हलत नाही. म्हणून दोघांमध्ये एसीचाच खास रबरी होज हवा, थोडी ढील ठेवून आणि एक्झॉस्टपासून लांब.

विजेचा हिशेब कागदावर मांड. कंडेन्सरचा पंखा, ब्लोअर आणि क्लच मिळून चाळीस अँपिअरपर्यंत जाऊ शकतात. जुना अल्टरनेटर पुरणार नसेल तर तो आधी बदल. प्रत्येकाला वेगळा फ्यूज आणि रिले दे. प्रेशर स्विच कधीही टाळू नकोस: गॅस गळून दाब साधारण ३० पीएसआयच्या खाली गेला किंवा चारशेच्या आसपास चढला, की तो क्लचची वीज तोडतो आणि कॉम्प्रेसर वाचवतो.

आता तुझा प्रश्न. डबा मधोमध बसव, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा वारा जाईल. मात्र तो निचऱ्याच्या बाजूला किंचित कललेला हवा आणि पाण्याची नळी उतरती होत गाडीबाहेर गेलेली हवी. पावसाळ्यात कोकणात गेलीस तर कॉईलवरून किती पाणी सुटतं ते कळेल. फायरवॉल, फरशी आणि छत यांना आतून इन्सुलेशन दे. आत न शिरलेली उष्णता बाहेर काढावी लागत नाही.

गॅस भरण्याच्या दिवशी घाई करू नकोस. ड्रायर सगळ्यात शेवटी उघड. तो आणि कॉम्प्रेसरचं तेल, दोन्ही हवेतली ओल भराभर शोषतात. आधी नायट्रोजनचा दाब देऊन गळती बघायची, मग व्हॅक्यूम. खोल व्हॅक्यूममध्ये पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून निघून जातं, म्हणून पंप चांगला पाऊण तास चालू दे आणि बंद केल्यावर काटा जागेवर राहतो का ते पाहा. आर-१३४ए गॅस मोजून भर. लो साईडला तीसच्या आसपास पीएसआय म्हणजे कॉईल शून्याच्या जरा वर, हवी तशी. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या १४०० पटींहून अधिक तापमानवाढ करतो. तो हवेत सोडणाऱ्या गॅरेजमध्ये गाडी नेऊ नकोस.

एक काम मात्र पाना हातात घेण्याआधीचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाजोगे बदल करू देत नाही आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर ठाम निकाल दिला आहे. छताचा आराखडा घेऊन आरटीओत जा आणि काय चालेल ते लेखी विचार.

पुढच्या आठवड्यात एवढंच कर: एसीचा एकही भाग न बसवता जीप भर दुपारी सीताबर्डीच्या गर्दीत चालव, मग चिखलदऱ्याच्या घाटात खालच्या गिअरमध्ये चढव आणि दोन्हीकडे पाण्याचं तापमान लिहून ठेव. काटा स्थिर राहिला तर कंडेन्सर आण. चढत गेला तर आधी रेडिएटरचं काम पुरं कर. आकडे मला कळव. त्यावरून कंडेन्सरचं माप आपण मिळून ठरवू.

तुझा,
मामा