डोळ्याला न दिसणारे खरे

त्र्यंबकेश्वरच्या पलीकडे, सह्याद्रीच्या कडेला एखाद्या उघड्या माळावरून जानेवारीत मृग नक्षत्राचा फोटो घ्यावा. दोन मिनिटांची एक फ्रेम. तिची रॉ फाइल काहीही न करता संगणकावर उघडली, तर समोर जवळजवळ काळा चौकोन येतो आणि त्यात मूठभर तारे. हिस्टोग्रामची, म्हणजे उजेडाच्या आलेखाची, सगळी रेघ डाव्या कडेला चिकटून उभी असते, सुईसारखी. साडेतेराशे प्रकाशवर्षांवरचा मृगातला तेजोमेघ त्या सुईतच आहे. कर्व्हचा बिंदू धरून तेवढाच भाग हळूहळू वर उचलला, की काळ्यातून आधी राखाडी धूसरपणा येतो, मग त्याला कडा येतात, मग तांबूस पंख. जास्त उचलला, तर मध्यातले चार तेजस्वी तारे पांढऱ्या डागात बुडून जातात.

असा फोटो पाहून लोक विचारतात, ‘खरंच असं दिसतं, की फोटोशॉपमध्ये केलंय?’ प्रश्न रास्त आहे, पण त्यात डोळा हेच सत्याचं माप धरलेलं आहे. मंद उजेडात आपल्याला रंग फारसे कळत नाहीत. शिवाय डोळा प्रकाश साठवत नाही. आलेला क्षणार्धात सोडून देतो. कॅमेरा तो जमवत बसतो.

आपल्या नाशिक जिल्ह्यात ही गोष्ट समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. त्र्यंबकेश्वरला 1870मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, 1912मध्ये, मटाराच्या रोपाची वाढ चित्रित केली होती. दाणा पेरायचा, रोज थोडं चित्रण करायचं, असं महिनाभराहून अधिक काळ. पडद्यावर मात्र अंकुर भराभर वर आला. तसा तो कोणीही कधी पाहिला नव्हता, तरी त्यातली एकही फ्रेम खोटी नव्हती. फाळक्यांनी डोळ्यासाठी फार संथ असलेलं दाखवलं. तेजोमेघाचा छायाचित्रकार फार मंद असलेलं दाखवतो.

म्हणून एका फ्रेमवर भागत नाही. शंभर फ्रेम्स एकावर एक रचल्या, की प्रकाश शंभर पट होतो आणि नॉइज, म्हणजे चित्रातली खरखर, फक्त दहा पट होतो. विमानाची किंवा उपग्रहाची रेघ एखाद्याच फ्रेममध्ये असते, म्हणून सॉफ्टवेअर ती बाजूला काढू शकतं. झाकण लावून त्याच तापमानात घेतलेल्या डार्क फ्रेम्स सेन्सरचा स्वतःचा दोष वजा करतात. निफाडचा द्राक्षबागायतदार ज्या थंडीला धास्तावतो, तीच सेन्सरला मानवते. नॉइज कमी होतो.

पुढे खरी कसोटी शहराच्या उजेडाची. त्र्यंबकहून पूर्वेला कॅमेरा वळवला, की नाशिकची प्रभा फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात चढते. सोडियमचे पिवळे दिवे होते तोवर तो रंग फिल्टरने बराचसा अडवता येई. पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरतो. गुरू सिंह राशीत येण्यावर ज्या शहराचा कुंभमेळा ठरतो, तिथे आकाशच फिकं पडावं याचं मला मनापासून दुःख आहे. ही प्रभा सॉफ्टवेअरने वजा करता येते, पण हात जड पडला तर तेजोमेघाची बाहेरची धूसर किनारही तिच्याबरोबर जाते. शहर कुठे संपतं आणि तेजोमेघ कुठे सुरू होतो, हे शेवटी माणूसच ठरवतो.

रंगांचं तसंच. मृगातला तेजोमेघ दुर्बिणीतून हिरवट राखाडी दिसतो, फोटोत तांबडा. दोन्ही खरं. तांबडा हायड्रोजनचा, 656.3 नॅनोमीटरचा, अंधारात डोळा त्याला जवळपास आंधळा असतो. वर्णपटातली हिरवी रेषा 500.7ची, आणि मंद उजेडात डोळा ज्या रंगाला सर्वाधिक जागा असतो त्याच्या ती अगदी शेजारी आहे. या रेषेचं मूळ एके काळी मोठ्या वादाचा विषय होता. खगोलशास्त्रज्ञ लॉकियर तिचा संबंध मॅग्नेशियमशी जोडत होते, त्यांचे समकालीन हगिन्स ते नाकारत होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले कावसजी नायगमवाला यांनी 1891मध्ये मृगातल्या तेजोमेघाच्या याच रेषेवरचं आपलं निरीक्षण प्रसिद्ध केलं. ती रेषा दुहेरी आयनीभूत ऑक्सिजनची, हे 1927मध्ये भौतिकशास्त्रज्ञ बोवेन यांनी दाखवलं. आज नाशिकचा हौशी छायाचित्रकार ऑक्सिजनचा फिल्टर लावतो, तेव्हा तो नायगमवालांचाच प्रकाश गोळा करत असतो.

फोटोवर केलेल्या संस्कारातून शोधही लागले आहेत. ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅलिन यांनी डार्करूममध्ये प्लेटवरचे अतिमंद थर उठावदार करण्याची रीत बसवली. त्यातूनच 1986मध्ये ‘मॅलिन 1’ ही प्रचंड, अतिफिकट दीर्घिका हाती लागली. ती प्लेटवर होतीच.

माझी रेघ याच ‘होतीच’वर आखलेली आहे. मंद उजेड ताणणं, शहराची प्रभा वजा करणं, गंधकाच्या प्रकाशाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा नेमून देणं, हे सगळं सांगून केलं तर मला मान्य आहे. पण इतर हजारो चित्रांवर शिकलेलं सॉफ्टवेअर माझ्या धूसर फ्रेममध्ये धुळीचे बारीक धागे काढून देतं, तेव्हा ते माझ्या सेन्सरवर पडलेल्या प्रकाशातून आले की शिकलेल्या सवयीतून, हे चित्राकडे बघून कळत नाही. ते तपासायचं तर एकच उपाय: वेगवेगळ्या रात्रींच्या फ्रेम्सचे दोन गट करून ते वेगवेगळे रचायचे आणि तोच धागा दोन्हींत, सॉफ्टवेअरने टोकदार करण्याआधी, दिसतो का ते बघायचं. दिसला तर ठेवायचा. नाही दिसला, तर कितीही देखणा असला तरी तो पुसून तिथला धूसरपणा परत आणायचा.