चामड्याचा वायसर आणि जलशुद्धीचा प्रश्न

1860 मध्ये विहार तलावाचे पाणी मुंबईत नळाने येऊ लागले, आणि पुढे इतर शहरांतही नळ पोहोचले, तेव्हा अनेक सोवळ्या घरांत असा आक्षेप निघाला की तोटीच्या आत चामड्याचा वायसर असतो, म्हणून ते पाणी देवपूजेला व सोवळ्यातील स्वयंपाकाला चालत नाही. आज हा आक्षेप हास्यास्पद वाटत असला तरी त्यामागील प्रश्न थोर आहे: दोन वस्तूंच्या सांध्यात दडलेला, पाण्याला क्षणभरच स्पर्श करणारा तिसरा पदार्थ पाण्याच्या शुद्धतेत मोजावा की नाही?

आक्षेपाची वस्तुस्थिती खरी होती. इंग्लंडमधील रॉदरहॅमच्या गेस्ट आणि क्राइम्स या कारखान्याने 1845 मध्ये पेटंट घेतलेल्या पेचाच्या तोटीत फिरकी आवळली की एक मऊ चकती, म्हणजेच वायसर, पितळी बैठकीवर दाबली जाऊन पाणी अडते, आणि थंड पाण्यासाठी ही चकती दीर्घकाळ चामड्याचीच असे. याखेरीज बेसिनला नळ बसवताना दुसरा, स्थिर सांधा तयार होतो. पिलर कॉकचा आट्यांचा दांडा बेसिनच्या भोकातून खाली सोडून, मध्ये वायसर घालून खालून चेकनट आवळतात, आणि पाइप जोडायच्या आट्यांवर आज टेफ्लॉन टेप गुंडाळतात, तेथे पूर्वी तागाचे तंतू सफेद्यात भिजवून भरत असत. सफेदा म्हणजे शिशाचा क्षार, आणि तो विषारी. तरीही आक्षेप आला तो चामड्यावर, सफेद्यावर नव्हे. शास्त्रातील शुद्धी आणि आरोग्याची स्वच्छता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट क्वचितच दिसेल.

मात्र शास्त्राच्या अंगानेही हा आक्षेप फारसा टिकत नाही. द्रव्यशुद्धी, म्हणजे पदार्थ कशाने अशुद्ध होतात आणि कशाने पुन्हा शुद्ध होतात याचा विचार, मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात विस्ताराने येतो. मनूच्या मते ज्याचा दोष दृष्टीस पडलेला नाही ते शुद्ध मानावे, आणि कारागिराचा हात नेहमीच शुद्ध असतो. अत्रीच्या नावे प्रसिद्ध असलेल्या स्मृतीत तर चामड्याच्या पिशवीतील आणि यंत्रातील पाण्याचाही शुद्ध वस्तूंत समावेश केलेला आढळतो. या वचनांमागील दृष्टी व्यवहारी आहे, कारण पाणी काढणे, साठवणे, वाहून नेणे यांत अनेक हात आणि अनेक साधने गुंतलेली असतात, आणि त्या प्रत्येकाची झडती घ्यायची ठरवली तर घोटभर पाणीही पिता येणार नाही. लोकाचारही या दृष्टीला धरूनच होता: शेताला पाणी पाजणारी मोट चामड्याची, तूप-तेल साठवण्याचे बुधले चामड्याचे, आणि ज्या पखवाजावर देवापुढे भजन रंगते त्याची पुडीही चामड्याचीच. (पखवाज सोवळ्यात नसतो असा बचाव करता येईल, बुधल्यातल्या तुपाबाबत तो जमत नाही.)

सांध्याची चिकित्सा इतर परंपरांनीही केली आहे, पण त्यांची चिंता वेगळी आहे. यहुदी धर्मात विधिस्नानासाठी मिकवे नावाचे कुंड लागते. त्यात निदान चाळीस सआ, म्हणजे ठरावीक प्राचीन मापाचे, पाणी असावे लागते, आणि पावसाचे पाणी साठवलेले असेल तर ते स्थिर असले पाहिजे, कारण वाहत असतानाही शुद्ध करण्याची योग्यता झऱ्याच्या पाण्यालाच आहे. त्यामुळे कुंडाच्या बुचातून होणारी गळती तेथे धर्मशास्त्राचा विषय बनते. तो सांधा पाणी धरतो की नाही, हे तेथे पाहिले जाते. सोवळ्या घरात मात्र तो कशाचा बनला आहे, हेच विचारले गेले.

तेही सर्वस्वी प्रामाणिकपणे विचारले गेले असे म्हणवत नाही. विहिरी आणि पाणवठे जातीनिहाय वाटलेले होते. नळाने एकाच तलावाचे पाणी एकाच नळीतून सर्वांच्या दारी आणले, आणि या समानतेला उघड नकार देण्यापेक्षा वायसरकडे बोट दाखवणे सोपे होते. जोतीराव फुले यांनी 1868 मध्ये पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा वादाचे कारण चामडे नव्हते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याने तळ्याचे शुद्धीकरण केले. तेथे तोटी नव्हती, वायसर नव्हता, आणि गायीची तहान भागेल एवढे जमिनीवरचे निर्मळ पाणी शुद्धच असते, असे खुद्द मनू सांगतो. वचन अनुकूल असतानाही ज्यांना ते पुरले नाही, त्यांचा प्रश्न द्रव्यशुद्धीचा नव्हताच.

पुढे रबराचे वायसर आले, त्यानंतर सिरॅमिक चकत्यांच्या तोट्या आल्या, आणि चामड्याचा आक्षेप कोणत्याही धर्मसभेच्या निर्णयाची वाट न पाहता मावळला. माणसाच्या स्पर्शाविषयीचा आक्षेप मात्र त्यासोबत गेला नाही. त्यासाठी 1950 मध्ये अमलात आलेल्या संविधानात सतरावे कलम घालून अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर करावे लागले.