चौथा साक्षीदार

मोटारीच्या पुढल्या काचेला चिकटवलेले ते वाटाड्या यंत्र आता आमच्या शिरूरसारख्या तालुक्याच्या गावीही नवलाचे राहिलेले नाही. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याच्या खिशातसुद्धा ते मोबाइलच्या रूपाने असते. दिवाळीत लेकीजावई पुण्याहून येतात, एक दिवस राहून दौंडच्या आत्याबाईंकडे निघतात, आणि घरातले कुणी वडीलधारे ‘न्हावऱ्यावरून जा, चौफुल्याला डावीकडे वळा’ असे सांगू लागले की जावईबापू नम्रपणे हसून त्या काचेकडे बोट दाखवतात. सांगणाऱ्याचा थोडा हिरमोड होतो. पण त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. सल्ले न ऐकण्याची रीत यंत्रापूर्वीही होतीच. मला विचार पडतो तो निराळा. हे यंत्र जाणते ते नेमके काय? आणि जे जाणत नाही, त्याची कबुली ते देते का?

माझे विज्ञानाचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत मी मराठी शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा ह्या विषयात मला गती आहे असा आव मी आणणार नाही. परंतु आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना मी ह्या बाबतीत पुष्कळ छळले आहे, आणि त्यांनी सांगितलेले मला जसे उमगले तसे येथे मांडतो.

जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे जीपीएस उपग्रह फिरत असतात. प्रत्येकात अणुघड्याळे आहेत, आणि प्रत्येक जण अखंड एकच गोष्ट सांगत असतो : मी अमुक जागी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत. हा निरोप प्रकाशाच्या वेगाने खाली येतो. त्याला सेकंदाचा साधारण चौदावा-पंधरावा भाग लागतो. निरोप निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ ह्यांची वजाबाकी केली की अंतर मिळते, आणि अशी तीन अंतरे मिळाली की भूमितीने जागा ठरते. मग चार उपग्रह लागतात असे का म्हणतात? हे मी विचारले तेव्हा मिळालेले उत्तर ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो. यंत्राचे स्वतःचे घड्याळ हलके असते, आपल्या मनगटी घड्याळाच्या जातीचे. आणि सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरांचा फरक पडतो. म्हणून यंत्र आरंभीच धरून चालते की माझे घड्याळ चुकलेले आहे; किती, ते ठाऊक नाही. ती चूक शोधून काढण्यासाठी चौथा साक्षीदार बोलवावा लागतो. आपण कुठे उभे आहोत हे कळण्यासाठी आधी आपलेच घड्याळ चुकीचे आहे असे मानणारी माणसे मी फार थोडी पाहिली आहेत. शिक्षकांत आणि लेखकांत तर त्याहूनही थोडी.

वरच्यांनाही सूट नाही. आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे ती घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांहून दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. हा हिशेब आधीच केला नसता तर एका दिवसात दहा किलोमीटरांहून अधिक चूक साचली असती, म्हणजे दौंड स्टेशनात उभ्या असलेल्या माणसाला आपण कुरकुंभात आहोत असे वाटले असते. आपल्या देशाने २०१३ ते २०१६ ह्या काळात सात उपग्रह कक्षेत नेऊन स्वतःची ‘नाविक’ व्यवस्था उभारली, तेव्हा पहिल्याच उपग्रहावरची तिन्ही परदेशी अणुघड्याळे बंद पडल्याचे २०१७ साली जाहीर झाले. २०२३ च्या मे महिन्यात गेलेल्या एनव्हीएस-०१ वर देशी बनावटीचे अणुघड्याळ होते.

आता ह्या यंत्राला आकाशाचे बोलणे नीट ऐकू यावे म्हणून लोक काय काय करतात! संदेश अतिशय क्षीण असतो. झाडांची दाट ओली पाने, लोखंडी छप्पर, काचेवरची धातूचा अंश असलेली काळी फिल्म, सारे त्याच्या आड येते. उंच इमारतींच्या दाटीत तो भिंतीवर आपटून येतो, आणि लांबच्या वाटेने आला म्हणून यंत्राला अंतरही लांबचे वाटते. म्हणून यंत्र काचेजवळ, आकाश दिसेल असे ठेवावे. निघण्यापूर्वी मोकळ्यावर मिनिटभर उभे राहावे, कारण प्रत्येक उपग्रहाला आपल्या मार्गाचा तपशील सांगायला अर्धे मिनिट लागते. हे सगळे करावे. पण आमचा मुलूख पाहा. न्हावऱ्यापासून भीमेपर्यंत ना डोंगर ना माड्या. उसाच्या फडावर आकाश उपडे घातल्यासारखे असते. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, खोडदच्या परिसरात, ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या ह्याहूनही क्षीण आवाज ऐकत बसल्या आहेत. ऐकण्याची अडचण आमच्याकडे नाहीच. जागा अगदी अचूक कळते.

आणि तरीही. २०२१ च्या जानेवारीत अकोले तालुक्यात कोतूळजवळ, कळसूबाईला निघालेली पुण्याकडची एक मोटार रात्रीच्या अंधारात नकाशाच्या सांगण्यावरून धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली. दोघे पोहून बाहेर आले; चालवणारा बुडाला. २०२४ च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे गेले. ह्या दोन्ही ठिकाणी आपण कुठे आहोत हे कळण्यात चूक झालेली नव्हती. पूल नकाशात होता, मोटार पुलाच्या वाटेवर होती. पुढची वाट मोकळी आहे का, एवढेच कुणाला ठाऊक नव्हते.

दौंडच्या माणसांना हा भेद समजावून सांगावा लागू नये. ते रेल्वेचे गाव. एकेरी मार्गावर ड्रायव्हरला टोकन मिळाल्याशिवाय गाडी हलवता येत नसे. त्या टोकनासाठी पोलादी गोळा असे. दोन स्टेशनांच्या यंत्रांतून मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर निघे, आणि कड्याच्या पिशवीतून तो ड्रायव्हरच्या हाती जाई. आपली गाडी कुठे उभी आहे हे त्या ड्रायव्हरला तंतोतंत ठाऊक असे. पण ते ज्ञान पुढे जाण्याचा अधिकार देत नाही, हे जुन्या रेल्वेवाल्यांनी पक्के ओळखले होते. पुढच्या स्टेशनातल्या माणसाने ‘वाट मोकळी’ म्हटल्यावाचून गोळा सुटत नसे. आमच्या जावईबापूंच्या काचेत असा गोळा कुठे आहे?

यंत्राची आणखी एक खोड आहे, आणि नीतीच्या दृष्टीने मला ती अधिक बोचते. यंत्राला काढलेली जागा कधी रस्त्याच्या कडेच्या शेतात पडते, कधी विहिरीत. चार-पाच मीटरांचा फरक नेहमीचाच. मोटारीतले यंत्र तसे दाखवत नाही. मोटार शेतातून कशी जाईल, असा विचार करून ते आपला ठिपका जवळच्या रस्त्यावर नेऊन बसवते. पाहणाऱ्याला समाधान वाटते. वर्गातली काही मुले गणिताच्या पुस्तकाच्या शेवटी दिलेले उत्तर आधी पाहतात आणि मधल्या पायऱ्या त्याला जुळतील अशा वाकवतात, त्यातलाच हा प्रकार. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. जागा शंभर मीटरपर्यंत हुकायची. ते उघड खोटे होते, म्हणून लोक सावध असत. हे सोयीचे खोटे प्रेमळ आहे. पोटात चौथा साक्षीदार बोलावून आपल्या घड्याळावर संशय घेणारे यंत्र चेहऱ्यावर मात संशयाची एक रेषही उमटू देत नाही. मोबाइलमध्ये ठिपक्याभोवती फिकट वर्तुळ दिसते, ‘ह्या एवढ्यात कुठेतरी’ असे सांगणारे. ते मला प्रामाणिक वाटते, आणि नेमके तेच लोकांना आवडत नाही.

माणूस तरी कुठे हरिश्चंद्र आहे, असे कुणी म्हणेल. खरे आहे. आमच्याकडे वाट ठाऊक नसलेला माणूसही ‘असंच सरळ जा’ म्हणून हात करतो. नाही म्हणणे त्याला कमीपणाचे वाटते. अंतराच्या बाबतीत तर बोलूच नये. पण पाण्याखाली गेलेल्या पुलाच्या तोंडाशी तोच माणूस तुम्ही न विचारताही धावत येतो, शिव्या देतो, गाडीच्या बॉनेटवर हात आपटतो.

मग दोष कुणाचा? नकाशा करणाऱ्याचा, पाटी न लावणाऱ्या खात्याचा, की डोळे काचेत ठेवून नदीत उतरणाऱ्याचा? मी हा प्रश्न आठवीच्या वर्गात विचारला. बहुतेकांनी खात्याला दोषी ठरवले. आठवीत सरकारवर सगळ्यांचाच राग असतो. दोघातिघांनी चालवणाऱ्याला. भीमाकाठच्या वस्तीवरून येणारी एक मुलगी गप्प होती. तिला विचारले तेव्हा म्हणाली, “आमच्याकडं पाटी न्हाई, सर. पुलावर पाणी चढलं की आमचे आजोबा रातच्याला रस्त्यातच बाज टाकून झोपत्यात.”