एकादशीची उसळ

"मावशी, आज उसळ आहे ना?" एकादशीला वर्ध्याच्या पोराने असं विचारलं की शेजारचा सांगलीकर दचकतो. त्याच्या डोळ्यांपुढे मोड आलेली मटकी. वर्धेकराला हवी असते साबुदाण्याची, जिला आम्ही मराठवाड्यातली माणसं खिचडी म्हणतो. आता खिचडी तरी काय, एरवी डाळ-तांदळाचीच. दोन्ही नावं उपवासाला न चालणाऱ्या पदार्थांची, आणि उपवास दोघांचाही शाबूत.

१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून इथे गावोगावची माणसं येताहेत. बजाजनगरात मेस चालवायची तर निम्मा महाराष्ट्र आणि थोडं बिहार सांभाळावं लागतं. पिठल्याला कुणी बेसन म्हणतं, त्याने काही बिघडत नाही. अमेरिकेतही लांब पावात भरून खायच्या एकाच पदार्थाला फिलाडेल्फियात होगी आणि न्यूयॉर्कात हीरो म्हणतात. पण तिथे नाव चुकलं तर फार तर लोक हसतील, व्रत मोडणार नाही.

भगरीचं प्रकरण अवघड. कोकणातला पोरगा तिला 'वरीचे तांदूळ' म्हणतो. एकादशीच्या ताटात तांदूळ, आणि तो खुशाल जेवतो! खरं पाहिलं तर भगरही गवताच्याच कुळातलं धान्य, ज्वारीचं भावंड. ज्वारी मात्र चालत नाही. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद, बटाटा, रताळं, मिरची, शेंगदाणा, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं, पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे रुळलेलं. ज्ञानेश्वर-नामदेवांनी यातलं काही चाखलं नसणार. आमचं फराळाचं ताट त्यांना ओळखूही आलं नसतं.

शब्द आणि अर्थ यांचं नातं नित्य, असं मीमांसक म्हणतात. नैयायिक म्हणतात, तो नुसता संकेत. मेसच्या ओट्यापाशी उभं राहिलं की नैयायिकांचंच पटतं. वर्ध्याचा संकेत एक, सांगलीचा दुसरा. पण संकेतच असेल तर मी उद्या पोळीला भगर म्हणून खाल्ली तर विठ्ठलाचं काय बिघडलं?

बिघडतं, असं मला वाटतं. संकेत एकटीला करता येत नाही. भगर चालते हे मी ठरवलेलं नाही. ते आजीकडून आलं, तिला तिच्या सासूकडून. आजीला जिरं चालायचं, कोथिंबीर नाही. का, ते तिलाही सांगता यायचं नाही. त्याच आयत्या मिळालेल्या शब्दांत आपण संकल्प सोडतो, म्हणून ते आपल्याला बांधतात. आपल्या सोयीने पाडलेलं नाव कुणाला बांधत नाही.

म्हणूनच हल्ली मिळणारी उपवासाची मिसळ माझ्या मनाला येत नाही. त्यात न चालणारं काही नसतं, मान्य. पण जे सोडलं त्याचंच नाव घेऊन जेवायचं, हे कसलं सोडणं? मग वर्ध्याची उसळ तरी कशी चालते, असं कुणी विचारील. ती जुनी आहे, एवढंच माझं उत्तर, आणि ते लंगडं आहे हे मला कळतं. मिसळ आणखी दोन पिढ्या टिकली तर माझ्या नातीला तीही सोवळ्यातली वाटेल.

आषाढीला इथल्या छोट्या पंढरपूरच्या वाटेवर पाय ठेवायला जागा नसते आणि मेसवर घाई. वाद नको म्हणून यंदा फळ्यावर मी नुसतं 'फराळ' लिहिलं. पुण्याच्या एका पोराने विचारलं, "काकू, चकली आहे का?"