डुंगळीचोर

1918 साली गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातल्या एका न्यायालयाला शेतकऱ्यांच्या गर्दीनं वेढा घातला होता. आत आरोपी म्हणून उभे होते मोहनलाल पंड्या आणि त्यांचे सात-आठ साथीदार. आरोप चोरीचा. चोरलं काय, तर कांदे. सरकारनं जप्त केलेल्या शेतातलं पीक त्यांनी काढून नेलं होतं. न्यायालयानं त्यांना दोषी ठरवलं आणि थोड्या दिवसांची कैद सुनावली. लोकांनी मात्र या कैद्यांना मिरवणुकीनं तुरुंगापर्यंत पोचवलं. गुजरातीत कांद्याला डुंगळी म्हणतात. त्या दिवसापासून पंड्या ‘डुंगळीचोर’ झाले आणि ही पदवी त्यांना मानानं चिकटली.

या खटल्यामागे सारावसुलीचा झगडा होता. 1917 च्या अतिवृष्टीत खेडा जिल्ह्यातली पिकं बुडाली. पीक चार आण्यांच्या, म्हणजे चौथाईच्या, आत आलं तर त्या वर्षीची वसुली तहकूब करावी, असा नियम होता. शेतकरी सांगत होते, पीक चार आण्यांच्या आत आहे. अधिकाऱ्यांची आणेवारी त्याहून जास्त निघत होती. अखेर 22 मार्च 1918 रोजी नडियादला सारा न भरण्याचा सत्याग्रह सुरू झाला आणि सरकारनं जप्त्यांचा सपाटा लावला. गुरं गेली, घरातल्या चीजवस्तू गेल्या, उभी पिकंही गेली. त्यातल्या कांद्याच्या एका शेताची जप्ती गांधीजींना अन्यायाची वाटली. पीक काढा, असं त्यांनीच सुचवलं.

शेतकऱ्यानं पिकवलेलं शेतकऱ्यासाठीच काढलं, तर ती चोरी होते?

1860 च्या दंडसंहितेनं (ती 2024 पर्यंत लागू होती) या प्रश्नाचा विचार केलेला होता. तिचं 378 वं कलम वस्तू कुणाच्या मालकीची यापेक्षा ती कुणाच्या ताब्यात आहे हे पाहायचं. कलमाखालची उदाहरणं वाचण्यासारखी आहेत. एखाद्यानं आपलं घड्याळ गहाण ठेवलं आणि कर्ज न फेडता संमतीशिवाय परत नेलं, तर घड्याळ त्याचंच असूनही ती चोरी. पण दुरुस्तीला दिलेलं घड्याळ, कारागिराचं काही देणं नसताना, मालकानं दुकानात शिरून उघडपणे ओढून आणलं, तर दुसरा एखादा गुन्हा होईल, चोरी होणार नाही. कारण तिथे लबाडीचा हेतू नाही. म्हणजे सारं येऊन ठेपतं ते एका गोष्टीवर: देणं खरोखर होतं का? खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचं म्हणणं नेमकं हेच होतं, की यंदा सारा देणं लागतच नाही. हे कृत्य दंडसंहितेतल्या चोरीच्या व्याख्येत बसत नाही, असं गांधीजींनी आत्मकथेत स्पष्ट लिहिलं आहे.

धर्मशास्त्राची कसोटी वेगळी आहे. मनुस्मृतीचा आठवा अध्याय समोरासमोर बळानं नेण्याला ‘साहस’ म्हणतो. पाठीमागे नेलं, किंवा नेऊन वर नाकारलं, तर ते ‘स्तेय’. त्या ग्रंथाची वर्णावर बेतलेली न्यायव्यवस्था आज कुणी स्वीकारू नये. पण चोरीचं मूळ लपवण्यात आहे, हे त्यानं बरोबर हेरलं आहे. पंड्यांनी काहीच लपवलं नाही, काहीच नाकारलं नाही.

इथे महाभारताच्या शांतिपर्वातला लिखित आठवतो. थोरला भाऊ शंख आश्रमात नसताना त्यानं तिथली फळं न विचारता खाल्ली. शंख म्हणाला, ही चोरी आहे, राजाकडे जाऊन शिक्षा मागून घे. लिखित गेला. सुद्युम्न राजा क्षमा करायला तयार होता, तरी लिखितानं शिक्षेचाच आग्रह धरला आणि दोन्ही हात गमावले. पुढे बाहुदा नदीत स्नान केल्यावर हात परत आले. फळं भावाच्या झाडाची, तरीही लिखितानं त्यांना चोरी मानलं. पंड्यांनी आपल्या कृत्याला चोरी मानलं नाही, तरीही शिक्षा पत्करली. एकाला मन स्वच्छ करायचं होतं, दुसऱ्याला अन्याय उजेडात आणायचा होता. शिक्षा चुकवण्याची वाट मात्र दोघांनीही धरली नाही.

यावर एक आक्षेप उरतो आणि तो हलका नाही. देणं खरं की खोटं हे प्रत्येकानं स्वतःच ठरवायचं म्हटलं, तर उद्या कुठलाही कर्जबुडवा असाच युक्तिवाद करील. कर्जबुडवा आणि पंड्या यांच्यातला फरक बोलण्यात शोधून सापडणार नाही, तो वागण्यात दिसतो. जो उघडपणे करतो, स्वतःच्या पदरात काही पाडून घेत नाही आणि परिणाम अंगावर घेतो, त्याच्या सचोटीवर विश्वास ठेवायला आधार असतो.

खटल्यानंतर बारा वर्षांनी, 1930 मध्ये, गांधीजी पुण्याजवळच्या येरवडा तुरुंगात होते. दर मंगळवारी ते आपल्या आश्रमवासीयांना एकेका व्रतावर पत्र लिहीत. अस्तेयावरच्या, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रतावरच्या, पत्रात त्यांनी चोरीची कक्षा फार रुंद केली. गरज नसलेली वस्तू घेणं, मग ती देणाऱ्याच्या संमतीनं का असेना, तीही चोरीच, असं त्यांनी मांडलं. या मापानं पाहिलं तर बुडालेल्या पिकावर पुरता सारा मागणाऱ्या सरकारलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं असतं.

न्यायालयं टाळायची हे सत्याग्रहाचं धोरण असल्यामुळे पंड्यांच्या शिक्षेविरुद्ध अपील करण्यात आलं नाही. वरच्या कुठल्याच न्यायालयात या कांद्यांचा निवाडा झाला नाही.