अस्त्र आवरण्याची विद्या

जी विद्या वापरतांना माणसाचा प्राण जाऊं शकतो ती दुसऱ्यास शिकवावी कीं नाहीं, हा प्रश्न शस्त्रविद्येइतकाच जुना आहे. तालमींतील वस्तादास, पोहणें शिकविणाऱ्यास, खाणींत सुरुंग लावण्याचें काम शिकविणाऱ्या मिस्त्रीस तो कधीं ना कधीं पडतोच. यंत्रयुगानें या परंपरेंत एका नव्या गुरूची भर घातली आहे. तो म्हणजे शर्यतींतून निवृत्त होऊन इतरांस मोटारसायकल चालविण्याचे धडे देणारा स्वार. तरुणपणीं त्यानें वेगाची उपासना केलेली असते. प्रौढपणीं तो त्याच वेगाचा उपदेशक होतो. बरोबरीच्या कित्येकांचे अपघात डोळ्यांनीं पाहिलेला हा मनुष्य वीस वर्षांच्या पोरास पुन्हां मूठ पिळावयास सांगतो, तें कोणत्या अधिकारानें?

पोरें शिकविलीं नाहींत तरी गाडी चालविणारच, तेव्हां शिकविलेलीं बरीं, हें उत्तर बहुधा दिलें जातें. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. मुलगा विहिरींत उडी घेणारच, एवढें गृहीत धरलें तरी त्याला उडी घेण्यास शिकविणारा आणि पोहण्यास शिकविणारा हे दोघे एकच ठरत नाहींत. प्रश्न शिकवावें कीं नाहीं एवढाच नसून काय शिकवावें हा आहे. तो पुस्तकी राहूं नये म्हणून एका प्रसिद्ध स्वाराचें चरित्र डोळ्यांपुढें ठेवूं.

केनी रॉबर्ट्‌स हा १९५१ सालीं जन्मलेला कॅलिफोर्नियाचा मनुष्य. मातीच्या लंबवर्तुळाकार मार्गांवरील शर्यतींत तो वाढला, आणि १९७३ व १९७४ सालीं अमेरिकेचें राष्ट्रीय अजिंक्यपद त्यानें मिळविलें. पुढें युरोपांत जाऊन १९७८ पासून लागोपाठ तीन वर्षें ५०० सीसी वर्गाचें जागतिक अजिंक्यपदहि त्यानें जिंकलें. मातीवर मागचें चाक घसरत असतांहि गाडी ताब्यांत ठेवण्याची जी कला त्यास लहानपणापासून अवगत होती, ती त्यानें डांबरी मार्गावर आणली. १९८३ च्या अखेरीस तो जागतिक मालिकेंतून निवृत्त झाला, आणि दुसऱ्याच वर्षीं स्वतःचा संघ उभारून त्यांत वेन रेनी या तरुण स्वारास त्यानें घेतलें. येथून त्याच्या आयुष्याचा गुरु म्हणून भाग सुरू होतो.

परंतु या दोन भागांच्या सांध्यावर एक विलक्षण शर्यत आहे. १९८५ च्या जुलैमध्यें जपानांतील सुझुका येथें आठ तासांच्या शर्यतीसाठीं रॉबर्ट्‌स पुन्हां गाडीवर बसला. दीर्घ पल्ल्याच्या या शर्यतींत एकच गाडी दोन किंवा तीन स्वार आळीपाळीनें चालवितात. जुलैच्या उन्हांत सकाळीं साडेअकरास निघालेल्या गाड्या दिवे लावून संध्याकाळीं साडेसातास थांबतात. रॉबर्ट्‌सचा जोडीदार होता जपानी स्वार तादाहिको तायरा. आरंभीं त्यांची यामाहा लवकर सुरू होईना, म्हणून ते बरेच मागें पडले. पण तासातासानें अंतर कापीत ते सर्वांच्या पुढें गेले. आणि शेवटचा सुमारें अर्धा तास उरला असतां, तायरा गाडीवर असतांना, ती बंद पडली. वेन गार्डनर व मासाकी तोकुनो यांची होंडा जिंकली.

या शर्यतींत जगज्जेत्यासहि कांहीं शिकण्यासारखें होतें, असें आम्हांस वाटतें. तासाभराच्या शर्यतींत जो वेगवान तो जिंकतो; आठ तासांच्या शर्यतींत वेगवान असून जो हिशेबी असेल तो. तेथें गाडी एकट्याची नसते. पहिल्या तासांत एकानें टायर उधळले, इंजिन पिळून काढलें, स्वतःचें अंग थकवून घेतलें, तर त्याची किंमत सातव्या तासांत जोडीदार भरतो. दुसऱ्याच्या हातांत सुस्थितींत द्यावयाची वस्तु आपण वापरीत आहोंत, ही जाणीव प्रत्येक वळणावर बाळगावी लागते. आणि सर्व हिशेब चोख ठेवूनहि कांहीं शेष उरतो, जो कोणाच्याच हातीं नसतो, हें तो अखेरचा अर्धा तास सांगून गेला. गुरु होऊं पाहणाऱ्यास याहून योग्य पाठ कोणता मिळावा? शिष्य हाहि आपण दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाचा असतो. त्याच्या पुढील सर्व तासांत आपण त्याच्याजवळ असणार नाहीं.

रॉबर्ट्‌सची शिकविण्याची रीत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियांत मोडेस्टोच्या परिसरांत त्याच्या मळ्यावर मातीचा मार्ग होता, आणि तेथें जगांतील उत्तमोत्तम स्वार शंभर सीसीच्या चिमुकल्या गाड्यांवर घिरट्या घालीत. ज्यांच्या हाताखालीं एरव्हीं दीडशेंहून अधिक अश्वशक्तीचें यंत्र असे, त्यांनीं पोरांच्या गाडीवर बसावें हें वरवर हास्यास्पद दिसतें. पण त्यांत मोठें शहाणपण आहे. लहान गाडी मातीवर थोड्या वेगांतच घसरते. तोल जाण्याचा तो क्षण, जो मोठ्या गाडीवर आयुष्यांत एकदांच येऊन हाड मोडून जातो, तो तेथें दिवसांतून पन्नास वेळां येतो आणि फार तर गुडघा खरचटतो. जेथें चुकीची किंमत थोडी, तेथें चुकीची ओळख करून द्यावी, हें या रीतीचें सार होय.

येथें महाभारतांतील एका प्रसंगाची आठवण होते. सौप्तिकपर्वांत अश्वत्थामा ब्रह्मशिर अस्त्र सोडतो, आणि तें शमविण्यासाठीं अर्जुनहि सोडतो. दोन अस्त्रांच्या मध्यें व्यास व नारद उभे राहून तीं आवरा म्हणतात. अर्जुन आपलें अस्त्र मागें घेतो. अश्वत्थाम्यास तें येत नाहीं, आणि त्याचें अस्त्र अजून न जन्मलेल्या गर्भांवर जाऊन पडतें. दोघेहि द्रोणाचेच शिष्य. परंतु अर्जुनास विद्या दिली ती गुरूनें आपण होऊन, पात्रता पाहून. मुलास दिली ती त्याच्या हट्टापुढें हात टेकून, अप्रसन्न मनानें. आमच्या मतें द्रोणाचा अपराध अस्त्र शिकविण्यांत नाहीं. ज्यास तें आवरतां येत नाहीं त्याच्या हातीं तें जाऊं दिलें, यांत आहे. धोक्याची प्रत्येक विद्या दोन अंगांची असते, सोडण्याची व आवरण्याची. पहिलें अंग दिसतें, टाळ्या घेतें, आणि त्याला गिऱ्हाईक पुष्कळ. दुसरें कंटाळवाणें असतें. पैसे मोजून आलेला शिष्य बहुधा पहिलें मागतो. जो गुरु त्यास तेवढेंच देऊन पाठवितो तो द्रोणाच्या चुकीची पुनरावृत्ति करतो.

यावर असा आक्षेप येईल कीं, गाडी सांवरण्याचें कौशल्य दिलें म्हणजे आवरण्याची विद्या दिलीच कीं! अनुभव मात्र वेगळें सांगतो. नॉर्वे देशांत १९७९ सालीं नव्या मोटारचालकांस निसरड्या रस्त्यावर गाडी सांवरण्याचें शिक्षण सक्तीचें करण्यांत आलें. हेतु अत्यंत चांगला होता. परंतु १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत असें आढळलें कीं, तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यांवरील अपघात त्यामुळें कमी न होतां उलट वाढले. कारण उघड आहे. ज्या मुलास काल बर्फ दिसतांच भीति वाटे, त्यास आतां "मला येतें" असें वाटूं लागलें. हातास जेवढें आलें त्याहून मनास अधिक आलें. पुढें त्या देशांतील शिक्षकांनीं अभ्यासाचा रोखच बदलला. गाडी कशी सांवरावी यापेक्षां ती किती थोड्या कारणानें हातची जाते, हें शिष्यास अनुभवावयास लावणें त्यांनीं महत्त्वाचें मानलें. म्हणजे आवरण्याची विद्या ही निव्वळ हाताची नव्हे. आपल्याला काय येत नाहीं याचें ज्ञान, हा तिचा अर्धा भाग आहे.

आतां या विवेचनांतील सर्वांत कठीण जागा. वेन रेनीनें रॉबर्ट्‌सच्या संघांतून १९९०, १९९१ व १९९२ असें तीन वेळां जागतिक अजिंक्यपद मिळविलें. गुरूच्या पराक्रमाशीं शिष्यानें अशी बरोबरी केली. ५ सप्टेंबर १९९३ रोजीं इटलींत मिसानो येथें, चौथ्या अजिंक्यपदाच्या मालिकेंत आणि त्या दिवसाच्या शर्यतींतहि तो सर्वांच्या पुढें असतां, त्याची गाडी घसरली आणि पाठीचा कणा मोडला. छातीखालील शरीर कायमचें लुळें पडलें. या शिष्यास दोन्ही अंगांची विद्या मिळाली नव्हती असें कोण म्हणेल? मग आमचा सिद्धांत येथें कोसळतो काय?

कोसळत नाहीं, पण त्याची मर्यादा येथें दिसते. दोष आणि ऋण या दोन भिन्न गोष्टी आहेत. रेनी तेहतिशींतला, जाणता, स्वतःच्या निश्चयानें गाडीवर बसलेला पुरुष होता. त्याच्या पडण्याचा दोष गुरूच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. पण दोष नाहीं म्हणून देणें संपलें, असेंहि नव्हे. ज्यानें वाट दाखविली त्याचें वाटेंत पडलेल्याशीं नातें उरतेंच. तें नातें शिष्यानें स्वतः पुढें कसें चालविलें हें पाहण्यासारखें आहे. रेनीनें शर्यतीस शाप दिला नाहीं. चाकांच्या खुर्चीवरून त्यानें संघ चालविला, आणि २०१५ पासून अमेरिकेंतील राष्ट्रीय शर्यतींची मालिका ज्यांनीं सांभाळली त्यांत तो प्रमुख होता. २०२२ सालीं इंग्लंडांत गुडवुड येथें, सर्व कळा हातांनीं फिरवितां येतील अशी सोय केलेल्या आपल्या १९९२ च्या यामाहावर तो पुन्हां बसला. ही गोष्ट सांगितल्यानें धोका कमी होत नाहीं, आणि तो कमी झाला असें कोणी समजूंहि नये. परंतु धोक्याची विद्या घेणारा मनुष्य फसविला गेला नव्हता, पूर्ण किंमत ठाऊक असून त्यानें ती घेतली होती, एवढें तीवरून कळतें.

तात्पर्य, अशा गुरूकडून तीन गोष्टी मागण्याचा आपणांस अधिकार आहे. चूक स्वस्त असेल तेथें ती करूं द्यावी. शिष्याच्या हातापेक्षां त्याचें मन पुढें धांवूं देऊं नये. आणि सर्व कांहीं शिकविल्यावरहि जो शेष उरतो तो त्याच्यापासून लपवूं नये. हा विचार केवळ शर्यतवाल्यांपुरता नाहीं. २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं, आणि त्यांतील ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचीं होतीं. त्यांतील बहुतेकांस शर्यत ठाऊक नव्हती. गाडीची किल्ली मात्र घरांतल्या कोणी तरी मोठ्या माणसानें, कौतुकानें किंवा हट्टापुढें नमून, हातीं दिली असेल. त्या घटकेपुरता प्रत्येक बाप, काका आणि थोरला भाऊ द्रोणाच्या जागीं उभा असतो. मुलाला गाडी चालवितां येते कीं नाहीं हें तो पाहतो. ती आवरतां येते कीं नाहीं, हेंहि त्यानें त्याच वेळीं पाहिलें पाहिजे.