गौरीस, गाडी खाली बसवण्याआधी

अंबाजोगाई,
कोजागिरीनंतरचा रविवार



परवा फोनवर तू म्हणालीस, पोलो खाली बसवतेय, कॉइलओव्हर बघून ठेवलेत, स्वस्तात मिळतायत. मी नुसतं हो-हो केलं, कारण शेजारी आजी बसली होती. तिच्यापुढे तुझ्या गाडीचा विषय निघाला की ती लगेच योगेश्वरीला नवस बोलते, आणि फेडायला मला जावं लागतं. रात्री मात्र डोक्यात तेच घोळत राहिलं. शिवाय फोनवर तू मला बोलू कुठं देतेस? म्हणून कागद घेतला.

घाबरू नको, मी नको म्हणायला बसलेलो नाही. माझी सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेली. गाडी खाली आली की वळणावर कमी कलंडते आणि देखणी दिसते, हे मलाही कळतं. सुट्टीत यायचीस तेव्हा माझ्यामागे डेपोत यायचा हट्ट करायचीस. बारा-तेराचा पाना मागितला की दहा-अकराचा हातात द्यायचीस आणि वर म्हणायचीस, "चालतंय की मामा." ते चालतंय अजून तुझ्या तोंडात आहे, आणि खरं सांगू, मला तुझ्या गाडीपेक्षा त्याच शब्दाची धास्ती वाटते.

तू वस्तू कशी निवडतेयस ते तुझ्या बोलण्यावरून कळलं. गाडी जमिनीपासून किती खाली येईल, एवढंच तू विचारतेयस. मी असतो तर पहिला प्रश्न असा केला असता : खाली आल्यावर चाकाला वर जायला किती जागा उरेल? चाक खड्ड्यातून वर येतं तेव्हा शॉकअपचा दांडा नळीत शिरतो. ती जागा संपली की बंप स्टॉपचं रबर चेपतं, आणि त्यानंतरचा धक्का सरळ बॉडीत जातो, बॉडीतून माणसाच्या कमरेत. समज, आज तुझ्या गाडीला अशी सात सेंटिमीटर जागा आहे. जुनाच शॉकअप ठेवून स्प्रिंग चार सेंटिमीटरने बुटकी केलीस, तर उरली तीन. मग दिवाळीला तू येणार, जाताना आजीला, तुझ्या आईला बसवणार, डिकीत फराळाचे डबे आणि मी भरून ठेवलेली तुरीची डाळ. एवढं वजन चढल्यावर त्या तीनातलं काय राहिलं ते तूच मोज.

म्हणून तर खाली बसणाऱ्या गाडीला कडक स्प्रिंग देतात. हिशोब साधा आहे. स्प्रिंगचा रेट २ किलो प्रति मिलिमीटर असेल आणि तिच्यावर ८० किलो जास्तीचं वजन आलं, तर ती ४० मिलिमीटर दबते. रेट ४ असेल तर २०. जागा वाचली खरी, पण तेवढीच दबली तर कडक स्प्रिंग परत उसळते ती दुप्पट जोराने, आणि तिला आवरायचं काम शॉकअपमधल्या तेलाचं. स्प्रिंग म्हणजे मुजोर खोंड आणि शॉकअप म्हणजे त्याचा कासरा; खोंड दांडगा आणून कासरा सुतळीचा ठेवला तर काय होईल ते तू आजोबांच्या शेतात बघितलंयस. स्वस्त किटमध्ये बचत होते ती नेमकी इथं. स्प्रिंग दिसते, रंगवलेली असते, तिच्यावर आकडा छापलेला असतो. आतला व्हॉल्व्ह कुणाला दिसत नाही.

आणि शॉकअपचं हे आवरणं, म्हणजे दमन, कमी-जास्त करणाऱ्या त्या घुंडीला भुलू नकोस. तीस-बत्तीस क्लिकची घुंडी आहे म्हणून तू किती हरखून सांगत होतीस! आतला व्हॉल्व्ह त्या स्प्रिंगला जुळवलेला नसेल, तर तीस क्लिक म्हणजे चुकीच्या जागी थांबायच्या तीस जागा. केडब्ल्यू ही जर्मनीतली नावाजलेली कंपनी. तिच्या व्ही-वनमध्ये फक्त उंची बदलता येते, दमन कारखान्यात ठरवूनच येतं. घुंडी हवी तर व्ही-टू, दोन घुंड्या हव्यात तर व्ही-थ्री. एवढी मोठी कंपनी रोजच्या गाडीसाठी बिनघुंडीचा माल उजळ माथ्याने विकते, यातून काय ते समज. तुला ती परवडणार नाही हे मलाही माहीत आहे, पण माल कसा पारखायचा ते तिथून शिकता येतं.

आता एक गंमत सांगतो. कॉइलओव्हर म्हणजे शॉकअपच्या नळीवर आटे पाडलेले, त्या आट्यांवर फिरणारी रिंग, रिंगवर स्प्रिंग. तुझ्या पोलोच्या पुढच्या चाकांना स्ट्रट असतो, तिथं हे बरोबर बसतं. मागे मात्र आडवा बीम आहे, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. म्हणजे मागचं कॉइलओव्हर नावालाच. प्रत्यक्षात स्प्रिंगखाली उंची बदलायची बैठक आणि बाजूला एक आखूड शॉकअप. विकणाऱ्या पोराला विचार, मागे काय येतं ते कागदावर काढून दाखव. तो गडबडला तर पुढचं काही विचारू नकोस, चहा पिऊन परत ये.

पुढच्या नळीचंही एक विचार. काही किटमध्ये रिंग फिरवूनच उंची बदलते, म्हणजे गाडी जेवढी खाली तेवढी जागा कमी. काहींत नळीचा खालचा तुकडा वेगळा फिरतो. त्याने उंची बदलते, पण स्प्रिंगचा ताण आणि दांड्याची चाल तीच राहते. दुसरी तऱ्हा तुझ्यासाठी बरी. तीही नीट बनवलेली हवी, नुसते आटे लांब असून भागत नाही. वरची बैठक रबराची आहे का तेही बघ. लोखंडी गोळीची असेल तर शर्यतीला ठीक. हिंजवडीच्या रांगेत रोज सकाळी ती खडखड ऐकून तुझं डोकं उठेल.

इकडचं थोडं सांगतो. सोयाबीन निघालं, भाव तुला माहीतच आहे, त्यावर कागद खर्च करत नाही. आजीच्या कमरेला मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी पट्टा दिलाय. तो ती पाहुणे आले की लावते आणि ते गेले की काढते. मार्गशीर्षात देवीचं नवरात्र आहे, तोवर पुण्याहून परत यायचं असं तिने आत्ताच ठरवून टाकलंय. तुझ्या गाडीनेच जाणार म्हणते, बसने नाही. म्हणून हे पत्र, दुसरं काय!

रस्त्याचं म्हणशील तर तुझं येणं-जाणं मांजरसुंबा, केज, लोखंडी सावरगाव असं. हमरस्त्याची मला फार चिंता नाही, गावागावातल्या गतिरोधकांची आहे. इंडियन रोड्स काँग्रेसचा नियम असा की गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. तुझ्या पोलोच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर सुमारे अडीच मीटर, म्हणजे अशा गतिरोधकावर चारही चाकं एकदमच चढलेली असतात आणि मधला उंचवटा पोटाकडे जेमतेम साडेचार सेंटिमीटर येतो. खाली बसवलेली गाडीसुद्धा हळू नेली तर पार होते. पण नियमाचा गतिरोधक तुला सापडेल कुठं? लोक रात्रीतून मुरूम-सिमेंटचा अरुंद वरवंटा आडवा टाकतात. पुढचं चाक त्याच्यावरून उतरलेलं, मागचं अजून चढलेलं नाही, आणि सगळीच्या सगळी उंची इंजिनाच्या तेलाच्या चेंबरखाली. कंपनीची पोलो रिकामी असताना जमिनीपासून साधारण साडेसहा इंच वर असते. त्यातून चार सेंटिमीटर तू काढणार, आणखी तीन-चार सेंटिमीटर माणसं आणि सामान काढणार. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की आपल्याकडे डांबराला ज्या चाकोऱ्या पडतात, त्यांच्या मधला उंचवटाही त्यातच धर. एकदा चेंबर फुटलं की तेल रस्त्यावर, आणि दिवा लागलेला बघून पोरगी म्हणणार, चालतंय.

कायद्याचंही ऐक. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. सगळेच करतात, मामा, असं तू म्हणशील. करतात. पण अपघात झाल्यावर विम्याचा माणूस आधी खाली वाकून बघतो. तुझी गाडी एमएच १४ ची, आपली एमएच ४४ ची, कायदा दोघांना एकच. तेव्हा पैसे भरायच्या आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचार, आणि उत्तर लेखी घे. ते नाही म्हणाले तर विषय तिथंच संपला.

मूळ शॉकअपची तपासणी तू केलीस का? मला शंका आहे, केली नसावीस. पोलो चाकणच्या कारखान्यातून २०२२ सालीच निघायची बंद झाली, आणि तुझी तर त्याच्याही बरीच आधीची, दोन हात फिरून आलेली. नळीवर तेल ओघळलंय का बघ. बॉनेटचा कोपरा दाबून सोड; एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप जिवंत, डुलत राहिली तर गेला. वळणावर गाडी लोळते म्हणून तू वैतागली आहेस ना? मेलेल्या शॉकअपची गाडी लोळणारच. नवे मूळ मापाचे शॉकअप, बुश आणि लिंक रॉड टाकून आधी महिनाभर चालवून बघ. माझ्या मते तुझं निम्मं समाधान तिथंच होईल, आणि ते कायद्यातही बसतं.

तरी खाली घ्यायचीच असेल, तर माझं ऐकून तीन सेंटिमीटरच्या पलीकडे जाऊ नकोस. बिलस्टीनचा बी-एट नावाचा शॉकअप खाली बसवलेल्या गाडीसाठीच आखूड केलेला असतो, आणि तो आयबाखच्या स्प्रिंगबरोबर लावायची जुनी पद्धत आहे. रोज उंची बदलायचीच नसेल तर अशा जोडीसारखं काही तुझ्या गाडीला मिळतं का बघ. तू उंची कितीदा बदलणार आहेस? पहिल्या आठवड्यात चारदा, मग पावसाचा चिखल आट्यांत बसला की रिंग जागची हलणार नाही. किटच घेतलंस तर एक विचार : एक शॉकअप गळाला तर एकटा मिळतो का, किती दिवसांत, आणि इथं कुणी तो उघडून दुरुस्त करतं का. याचं उत्तर "पूर्ण सेट मागवावा लागेल" असं आलं, तर ते किट स्वस्त नव्हे. आणि कुणी गॅसने मूळ स्प्रिंग कापून देतो म्हणाला, तर त्या गॅरेजची पायरी पुन्हा चढू नकोस, पोरी. कापलेली स्प्रिंग चाक अधांतरी झालं की बैठकीतून सुटू शकते.

बसवताना समोर उभी राहा. लाजू नकोस, बायकांनी गॅरेजात उभं राहायचं नाही असं कुठं लिहिलेलं नाही, तू तर डेपोत वाढलेली. स्प्रिंग दाबलेली नसताना वरचा नट सोडणाऱ्याला तिथल्या तिथं थांबव. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबत असताना पक्के कसू देऊ नकोस. चाकांवर वजन आल्यावर कसायचे, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. डावी-उजवी उंची टेपने मोजून घे. स्प्रिंगा थोड्या बसतात, म्हणून काही शे किलोमीटरनंतर पुन्हा मोज आणि तेव्हा व्हील अलाइनमेंट परत कर. पहिल्या दिवसाच्या अलाइनमेंटवर विसंबलीस तर टायर आतल्या कडेने खाल्ला जाईल आणि तुला कळणारही नाही. हेडलाइटचा झोतही तपासून जुळवून घे. आट्यांना ग्रीस फासू नकोस, माती धरते. पावसाळ्यात ब्रशने धुऊन कोरडे ठेव.

एवढं झाल्यावर गाडीत चार माणसं बसव, डिकी भर, आणि घराजवळच्या सगळ्यात वाईट रस्त्यावर नेऊन आण. एकट्याने रिकाम्या रस्त्यावर चालवून बघण्याला मी चाचणी मानत नाही. बंप स्टॉपचं रबर खाड्कन लागल्याचा आवाज आला तर उंची एक सेंटिमीटर वर घे, मित्रमैत्रिणी काहीही म्हणोत. आणि मागच्या सीटवर तू स्वतः बस, गाडी दुसऱ्याला चालवू दे. आजी तिथंच बसणार आहे.

तुझ्या आईला सांग, शेवयांचं यंत्र सापडलं, माळ्यावरच होतं. ज्या किटवर मन बसलंय त्याचा स्प्रिंग रेटचा आणि दांड्याच्या चालीचा कागद पैसे भरायच्या आधी मला व्हॉट्सॲपवर पाठव. असा कागदच नाही असं दुकानदार म्हणाला, तर तेही कळव.

तुझा,
मामा